दुसऱ्या लोट्यावरची जबान

आमच्या घरचा सगळा कारभार माझ्या बापाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या लोट्याच्या मधल्या वेळात चालायचा. मी थट्टा करत नाही. माझी शाळा, मायचं सणाचं लुगडं, उन्हाळ्यात मेंढरं कुणाच्या रानात बसवायची, जत्रेला बोकड द्यायचा की नुसता नारळ फोडायचा, हे सगळं त्या वेळात ठरलेलं आहे. त्याच्या आधी विचारलं तर उत्तर मिळत नसे आणि नंतर विचारलं तर भांडण होई.

लोटा शिंदीचा. आमच्या गावाच्या ओढ्याकाठी शिंदीची झाडं होती, त्यांच्या बुंध्यांवर आबकारीवाल्यांनी नंबर टाकलेले. कलाल संध्याकाळी झाडाला खाच पाडून गाडगं बांधायचा आणि दिवस उगवायच्या आत उतरवायचा. सकाळची शिंदी गोड असते, लेकरांनाही कुणी नको म्हणत नसे. ऊन चढेल तशी ती आंबत जाते, तिच्यावर फेस येतो आणि दुपार कलली की तिचा वासच नाकाला झोंबतो. निजामाच्या राज्यात आमच्या भागात पाण्याची टंचाई व्हायची, शिंदीची कधी झालेली मला आठवत नाही.

बा दारुडा नव्हता, असं गाव म्हणायचं. मीही पुष्कळ वर्षं तेच म्हणत होतो. तो कधी वाटेत पडला नाही, मायवर हात उचलला नाही, मेंढरामागं जायचा चुकला नाही. उंच, सडपातळ, नाकावर माशी बसू न देणारा माणूस. आपल्याला शिंदी चढत नाही याचा त्याला मोठा अभिमान होता. लोक तीन लोट्यांत आडवे व्हायचे तेव्हा हा पटका नीट करून घरी चालत यायचा. हे ताकदीचं लक्षण आहे असं तो समजायचा आणि आम्हीही समजायचो.

पुढे मी परभणीला एका दवाखान्यात कंपाउंडर झालो आणि औषधाच्या बाटल्यांत आयुष्य घालवलं. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी पहिल्यांदा मला सांगितलं की दारू पोटात आहे तोवर काही करत नाही, ती रक्तात उतरली की करते, आणि रक्तात किती उतरली त्यावर माणूस कसा वागेल हे अवलंबून असतं. थोडी उतरली की आधी भीड जाते. मग विचार ढिला पडतो, मग जीभ जड होते, मग पाय, आणि शेवटी झोप. हे सगळं ते फार गंभीर होऊन सांगत होते आणि मला हसू येत होतं. कारण माझ्या मायला यातलं निम्मं लुगड्याच्या हिशेबानं पाठ होतं.

सकाळी बाचे हात कापायचे. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरायचा, तरी धार हलायची. बोलायचा नाही, बोललाच तर खेकसायचा. पहिला लोटा पोटात गेला की हात थांबायचे, पाठ सरळ व्हायची आणि तो कामाला लागायचा. दुसऱ्या लोट्यानं त्याचे कान लाल व्हायचे. मग तो गोष्टी सांगायचा. लांडग्याच्या, पुराच्या, येलदरीच्या बाजूच्या डोंगरात हरवलेल्या मेंढीच्या. माय त्याचे कान बघत बसायची. लाल झाले की ती हळूच म्हणायची, "आवं, एक बोलायचं हाय." तेव्हा तो राजा असायचा, मागेल ते द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी शब्द पाळायचा. तिसऱ्या लोट्यावर त्याला बांधाची भांडणं आठवायची. चौथ्यावर तो गप्प व्हायचा आणि निजायचा.

आता माझ्या अक्काचं सांगतो. माझी थोरली बहीण, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. तिचा नवरा पटकीनं गेला तेव्हा तिच्या अंगावरची हळद म्हणायची तर निघालेलीही नव्हती. सासरच्यांनी तिला आणून आमच्या दारात सोडलं. आमच्यात अशा बाईचा दुसरा संसार मांडतात, त्याला पाट लावणं म्हणतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बापानं जबान द्यायची, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी गळाभेट घ्यायची, मग शिंदीचं गाडगं फोडायचं, झालं. पण अक्काला माहेरी येऊन चार वर्षं झाली तरी बानं कुणाला जबान दिली नव्हती. सांगावे आले की म्हणायचा, "बघू." आणि बघायचाच नाही.

चुडाव्याच्या पलीकडच्या एका गावाहून पुन्हा सांगावा आला. माणूस बायको वारलेला, थोडं रान, मेंढरं, स्वभावानं शांत. मी त्याला मानवतच्या बाजारात लोकरीच्या सौद्यात पाहिलं होतं आणि तो मला आवडला होता. मी घरी येऊन अक्काला सांगितलं. ती जातं पुसत होती. पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, "मला जायचं हाय. तू मायला सांग. बाला सांगायची माझी छाती न्हाई." इतकं सरळ तिनं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. तिच्या हातून बाचं सगळं व्हायचं. त्याची भाकर, त्याचं अंथरूण, सकाळचं पाणी, पाय चेपणं. घरात तिच्याइतकं कुणी राबत नव्हतं आणि आपण आयुष्यभर असंच राबत राहणार, याची भीती तिच्या तोंडावर मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. मला बापाचा फार राग आला.

माय म्हणाली, "तू गप ऱ्हा. मी बगते. पाव्हन्यांना ऐतवारी दुपारी बोलाव."

तिचं गणित पक्कं होतं. पाहुण्यांच्या देखत दुसरा लोटा होईल, कान लाल होतील, आणि त्या राजेपणात जबान सुटेल. एकदा सुटली की बा ती मोडणारा माणूस नव्हता.

पण ऐतवार खंडोबाचा. बा ऐतवारचा उपास कडक धरायचा, दिवस मावळेपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. शिंदी मात्र चालायची. ती झाडाची, तिला चूल लागत नाही, दाणा लागत नाही, मग तिनं उपास कसा मोडेल? आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांत हाच कायदा होता. फळ चालतं तर फळाच्या झाडाचा रस का चालू नये, यावर कुणी वाद घालत नसे. तर बा त्या दिवशी सकाळपासून निव्वळ उपाशी. त्यात पाहुण्यांची आगगाडी उशिरा आली, ते चुडाव्याच्या स्टेशनावरून चालत आमच्या दाराशी येईतो दुपार कलली होती, आणि गाडग्यातली शिंदी उन्हानं फसफसून वर आली होती.

मायनं लोटे मोजले. पोट मोजलं नाही. हे तिच्या ध्यानात कसं येणार? तिच्या हिशेबात लोटा म्हणजे लोटा. भरल्या पोटात दारू हळूहळू रक्तात झिरपते आणि रिकाम्या पोटातून ती धावत जाते, हे मला दवाखान्यात कळलं. भाकर खाल्लेल्या माणसाचा दुसरा लोटा आणि उपाशी माणसाचा दुसरा लोटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तशात दुपारची शिंदी सकाळच्या दुप्पट कडक. बा त्या दिवशी बसला दुसऱ्या लोट्यावर आणि त्याचं रक्त धावत होतं चौथ्या लोट्याकडं.

आणि दिसत तर काहीच नव्हतं. रोज पिणाऱ्याचं हेच वाईट. नवखा माणूस जिथं लडबडतो तिथं हा ताठ बसतो. शरीर सवयीनं तोल सांभाळतं, जीभ सांभाळतं, आतलं सगळं मात्र निसटत चाललेलं असतं.

पाहुण्यांत मुलाचा चुलता मुख्य होता. पांढऱ्या मिशांचा, सावकाश बोलणारा, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणारा म्हातारा. सोबत दोघं. आदरातिथ्य म्हणून त्यांनाही लोटा दिलेला, त्यामुळे सगळ्यांच्याच तोंडाला शिंदीचा वास. मायनं दाराआडून कान बघितले, लाल झालेले होते. तिनं मला डोळ्यानं खूण केली आणि मी विषय काढला.

बानं क्षणभर सगळ्यांकडं बघितलं. मग तो असं बोलला.

"न्या," तो म्हणाला. "माझी लेक सोन्यासारखी हाय. तिला मीच धरून ठिवली. चारदा सांगावे आले, चारदा परतवले. कामून? माझं कोन बगल म्हनून. माझी भाकर कोन करल, माझं पानी कोन भरल. मी लय आपमतलबी मानूस हाय, पाव्हनं. न्या तिला."

आणि तो रडला. आम्ही त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. चुलत्याचेही डोळे भरले. जबान झाली, गळाभेट झाली, पाहुणे आनंदानं परतीच्या गाडीला गेले. अक्का आत भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय उत्साहानं म्हणाली, "मंग पाटाचा दिवस कवा धरायचा?"

बा म्हणाला, "कुनाचा पाट?"

आम्हाला वाटलं, थट्टा करायलाय. थट्टा नव्हती. पाहुणे आले, इथवर त्याच्या ध्यानात होतं. गाडी उशिरा आली म्हणून ते कुरकुरत होते, हेही होतं. त्याच्या पुढं काही नाही. पुसून टाकल्यासारखं. मायनं सांगितलं तसा तो भडकला. "मी जबान दिली? मी? तुमी सगळे मिळून माझ्या नावावर कायबी खपवायलाव का?" मी म्हणालो, गळाभेट घेतलीस. तो म्हणाला, खोटं बोलतोस. आमच्यात जुंपली. मी त्याला शिंदीवरून नाही नाही ते बोललो आणि त्यानं मला घरातून निघ म्हणून सांगितलं.

डॉक्टरसाहेब सांगत की रक्तात दारू एका मापाच्या वर गेली, आणि विशेषतः झपाट्यानं गेली, की मेंदू चालू राहतो पण आठवण साठवणं बंद करतो. माणूस बोलतो, हसतो, व्यवहार करतो आणि त्यातलं काहीच आत जमा होत नाही. तो विसरत नाही, कारण विसरायला आधी आठवण लागते. हे ऐकलं तेव्हा बा जाऊन किती तरी वर्षं झाली होती. मी त्या दिवशी दवाखान्याच्या मागं जाऊन एकटाच बसलो होतो. तो खोटं बोलत नव्हता तर.

भांडण थांबवलं ते अक्कानं. ती येऊन बाच्या समोर बसली. ती चिडली नव्हती, रडलीही नव्हती. तिनं त्याला सांगितलं, शब्दन् शब्द. धरून ठिवली, परतवले, भाकर कोन करल, पानी कोन भरल, आपमतलबी. तो ऐकत होता आणि त्याचे हात सकाळचे कापत होते. लोक म्हणतात, प्यायलेला माणूस खरं बोलतो. मी दवाखान्यात प्यायलेल्यांच्या तोंडून इतकं खोटं ऐकलं आहे की माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. दारू भीड घालवते, खरं-खोटं ती बघत नाही. पण त्या सकाळी अक्का बोलत असताना मी बाचा चेहरा बघत होतो, आणि ते खरं आहे हे मला त्या चेहऱ्यावरून कळलं.

"हे मी पाव्हन्याम्होरं बोललो?" त्यानं विचारलं.

"व्हय बा."

तो उठून मेंढरामागं निघून गेला.

अशा गोष्टी लपत नाहीत. बापाला जबान आठवत नाही, हे बाजाराच्या वाटेनं चुडाव्याकडं पोचलं. तिकडून चुलत्याचा निरोप आला आणि तो निरोप आणणाऱ्यानं दारातच उभ्यानं सांगितला: शिंदीवरची जबान आम्ही धरत नाही, एकदा फसलो आहोत. आमचा मुलगा काही वाटेवर पडलेला नाही. बापाची मर्जी असेल तर एकदा येतो, दिवस कासराभर वर यायच्या आत. माणूस शुद्धीत पाहिजे. तोंड लावलेलं दिसलं तर पाणीही न पिता उठू, आणि मग ही सोयरीक नाही.

बानं निरोप ऐकला. "या म्हनावं," एवढंच म्हणाला.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दुपारपासून त्यानं शिंदीला हात लावला नाही. कुणी सांगितलं नव्हतं. कलालाचं पोरगं गाडगं घेऊन आलं, त्याला परत पाठवलं. मला मनातून बरं वाटलं. आम्हाला वाटलं होतं, उद्या सकाळी आमचा बाप स्वच्छ, ताजा, धुतल्यासारखा उठेल. आमच्या घरात कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं की त्याला शिंदी न पिता कुणी वर्षानुवर्षं पाहिलेलंच नाही.

सकाळी तो उठला तेव्हा थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, असं माय म्हणाली. हात नेहमीसारखे नुसते कापत नव्हते, खांद्यापासून हलत होते. पटका बांधायला घेतला तर तीनदा सुटला, शेवटी मी बांधून दिला. डोळे लाल, जीभ अडखळत होती, भांडं वाजलं तरी तो दचकत होता. मोटेचा बैल असतो, रोज भार ओढून त्याचं अंग त्या भाराविरुद्ध रेटायला शिकलेलं असतं. एकाएकी सोल म्हणजे मोटेचा दोर तुटला तर तो बैल मोकळा होत नाही, तोंडावर पडतो. दारूचंही तसंच आहे. ती मेंदूला दाबते, मेंदू रोज तिच्याविरुद्ध रेटतो, आणि ती नाहीशी झाली की तो रेटाच माणसाला हलवून सोडतो. आज कुणी रोज पिणारा माझ्यासमोर आला तर मी त्याला असं एकाएकी थांबू देणार नाही, आधी डॉक्टरकडं नेईन. यात झटके येतात, माणूस जातोसुद्धा. आम्ही अडाणी होतो आणि बा नशिबानं वाचला, इतकंच.

माय लोटा भरून घेऊन आली. "एकच घ्या," ती कुजबुजली. "हात थांबतील. मागून लवंग चावा. कुनाला कळनार बी न्हाई."

आणि तिचं खरं होतं! तो एक लोटा घेतला असता तर तो सरळ बसला असता, नीट बोलला असता, आणि पाहुण्यांनी त्याला शुद्धीत धरलं असतं. मीही म्हणालो, घे बा. अक्का चुलीपाशी होती. तिनं मान वर केली. बानं तिच्याकडं बघितलं, मग लोट्याकडं. त्यानं हात पुढं केला, आणि त्याच हातानं लोटा बाजूला सारला. थोडी शिंदी जमिनीवर सांडली.

"नगं," तो म्हणाला. "ध्यानात ऱ्हायला पायजे."

पाहुणे आले. चुलत्यानं ओसरीवर पाय ठेवला, राम राम केला आणि बाला बघून जागीच थांबला. लाल डोळे, घामेजलेला चेहरा, डुलणारं अंग. बा स्वागताला उठला तर भिंतीला हात टेकावा लागला. बोलायला गेला तर जीभ दाताखाली सापडली. मी समोर होतो. पाहुण्याचा चेहरा कसा उतरत गेला ते मी बघितलं.

"सकाळच्या पारीच, पाव्हनं?" चुलता म्हणाला. आवाजात राग नव्हता, वाईट वाटलेलं होतं. "असू द्या. आमी येतो." तो वळला आणि जोडे घालू लागला.

मी धावलो, शपथा घेतल्या. ते ऐकेनात. या घरची जबान त्यांनी मागच्या खेपेलाही ऐकलीच होती. तेवढ्यात अक्का बाहेर आली. जिची सोयरीक चालली आहे तिनं गड्यांच्या बैठकीत यायचं नसतं. ती पदर सावरून सरळ चुलत्यासमोर उभी राहिली.

"मामा, जाऊ नगा," ती म्हणाली. "बानं काल दुपारपासून थेंब घेतला न्हाई. म्हनून असं झालंय. घेतला असता तर तुमाला सरळ दिसला असता."

चुलता गोंधळला. "पेलेला सरळ आन् न पेलेला वाकडा? पोरी, हे म्या कधी ऐकलं न्हाई."

"मी रोज बगते," अक्का म्हणाली. "रोज सकाळी."

सोबतच्यांपैकी एकजण हसला. माझ्या अंगाची आग झाली. मी काही बोलणार तोच बा भिंत सोडून पुढं आला. दोनच पावलं, पण त्या दोन पावलांत तो पडेल असं वाटलं. त्यानं दोन्ही हात पसरले. ते हात असे हलत होते की बघवत नव्हतं.

"भेटा," तो म्हणाला.

गळाभेट जबान झाल्यावर घ्यायची असते. जबान झालेलीच नव्हती. पण हात पसरलेल्या माणसाला कोण नाही म्हणणार? चुलता पुढं झाला. आमच्याकडं गळाभेट म्हणजे नुसती नव्हे, छातीला छाती, या खांद्यावर मान, मग त्या खांद्यावर. तोंडाजवळून तोंड जातं. चुलत्यानं एका खांद्यावर मान ठेवली, मग दुसऱ्या, आणि मग त्यानं सोडलंच नाही. बा त्याच्या मिठीत थरथरत होता आणि तो म्हातारा त्याला धरून उभा होता. मायनं दाराच्या चौकटीत तोंडात पदर धरला होता.

"थेंब न्हाई," चुलता म्हणाला. मग त्यानं बाला धरून घोंगडीवर बसवलं, स्वतः त्याच्या शेजारी टेकला आणि त्याचा हलणारा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "बोला पाव्हनं. सावकाश बोला. आमाला घाई न्हाई."

बाला बोलायला फार वेळ लागला. एकेक शब्द तो जुळवत होता.

"दिली," तो म्हणाला. "माझी लेक तुमाला दिली. आन् मागच्या बारीला म्या काय बोललो ते मला आठवत न्हाई. पर लेकीनं सांगितलं. ते खरं हाय. ते मी आता बी म्हनतो."

माझा बाप असं काही बोलू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्याच्यावरचा माझा राग कुठं गेला कळलं नाही. मी उठून गोठ्यात गेलो आणि मेंढरांच्या आडोशाला रडून घेतलं.

मग रिवाजाप्रमाणं शिंदी आली. बानं पहिला लोटा दोन्ही हातांनी उचलला, त्यातली बरीच छातीवर सांडली. थोड्या वेळानं आमच्या डोळ्यांदेखत त्याचे हात थांबत गेले, पाठ सरळ झाली, जीभ सुटली. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. मघाशी हसला होता त्यानं मान खाली घातली. पुढं सोयरिकीला साजेसे आणखी लोटे झाले. बानं शिंदी सोडली वगैरे काही नाही. तो मरेपर्यंत पीत राहिला, आणि त्यानंच गेला. त्याचं पोट फुगून डोळे पिवळे झाले तेव्हा ते काय आहे हे मला कळत होतं आणि माझ्या बाटल्यांत त्यावर औषध नव्हतं. लोक निजामाविरुद्धच्या चळवळीत शिंदीची झाडं तोडायला लागले तेव्हा तो बांधावर उभा राहून बघत होता. काय वाटलं असेल त्याला, कोण जाणे.

पण मला सांगायचं आहे ते त्या सोयरिकीच्या दुसऱ्या दिवसाचं. आम्ही तिघंही भीत भीत उठलो होतो. या वेळी पोटात अन्न होतं, जबान लोट्याच्या आधी झाली होती, तरीही. विचारायचं कुणी? मायनं मला खुणावलं, मी तिला. अक्का नेहमीसारखी तोंड धुवायचं पाणी घेऊन ओसरीवर गेली.

बा घोंगडीवर बसला होता. हात कापत होते. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि तांब्याकडं हात केला नाही.

"तिथं ठिव," तो म्हणाला. "उद्यापून तू आनू नगं, लेकी. मला माझं घ्यायची सवय लागू दे."

अक्का तांब्या ठेवून तिथंच खाली बसली. बानं तो दोन्ही हातांनी उचलला. निम्मं पाणी सांडलं, निम्म्यानं त्यानं तोंड धुतलं.